सीडीच्या तबकात नैवेद्य

खंडेनवमीचं आणि माझं जुनं वैर आहे. आता तुम्ही म्हणाल, ही बाई देवाधर्माच्या विरोधात दिसते. तसं काही नाही हो! घरी विळी, खलबत्ता, नवऱ्याची स्कूटर, माझा स्क्रूड्रायव्हरचा डबा, सगळ्यांना मी स्वतः हळदकुंकू वाहते. पण बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला एकदा विचारून बघा, दसऱ्यानंतरचा आठवडा कसा जातो ते.

आमच्या भागात नवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. माग, लेथ मशीन, ट्रॅक्टर, तराजू. त्यात कॉम्प्युटर आला, त्याचीही व्हायला लागली, आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. कीबोर्डवर नारळ फोडलेले मी बघितलेत. म्हणजे कीबोर्डच्या शेजारी फोडायचा होता, पण पाणी कुणाचं ऐकतंय? कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी मशीनच्या पंख्यालाच झेंडूचा हार घातला होता. चालू केल्यावर पाकळ्यांचा असा काही वर्षाव झाला की सुभेदारीणबाईंना तो दृष्टांत वाटला. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी स्क्रीनला गंध लावलं, ते नेमकं बेरजेच्या रकान्यावर. मी पुसायला गेले तर माझा हात धरला. "पुढच्या नवमीपर्यंत पुसायचं न्हाय आक्का. तुम्ही आकडाच जरा बाजूला सरकवा की!" सरकवला. करता काय?

मी मूळची येळ्ळूरची. लग्न होऊन बेळगावातल्या शहापुरात आले आणि हे काम शिकले. तेव्हा बाई मशीन उघडते म्हटल्यावर गिऱ्हाईक माझ्या मागं कुणी बाप्या दिसतोय का बघायचं. आता सगळे 'आक्का' म्हणतात आणि दिसेल ती बिघडलेली वस्तू आणून देतात, मिक्सरसुद्धा. कॉम्प्युटर कमी झाले, सगळं मोबाईलवर गेलं, आणि मोबाईल दुरुस्त करण्यात मला राम वाटत नाही. उघडलं की मस्त मोठं पोट, हात घालायला जागा, सगळं नजरेसमोर, असं मशीन मला आवडतं. म्हणून वडगावच्या मल्लाप्पा आप्पांचं वर्कस्टेशन ही माझी लाडकी गोष्ट होती.

वर्कस्टेशन म्हणजे साध्या कॉम्प्युटरचा पैलवान भाऊ. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या डिझाईन खात्यातून ते निवृत्त झालं, आणि मीच ते आप्पांच्या घरात आणून बसवलं. दोघांनी मिळून उचलावं लागतं. वडगावातल्या विणकराच्या घरी असल्या मशीनचं काय काम, ते सांगते.

मागावर साडी विणताना पदरावरची नक्षी कुठून येते? मागाच्या वर पुठ्ठ्यांची एक माळ फिरत असते. पुठ्ठ्याला भोकं असतात. भोक असलं की खालचा धागा उचलला जातो, नसलं की बसून राहतो. भोकं कुठं पाडायची ते आधी चौकटीच्या कागदावर ठिपके देऊन ठरवतात. एक ठिपका म्हणजे एका धाग्याचं एक उचलणं. पूर्वी आप्पा हे हातानं काढायचे. नजर कमी झाल्यापासून ते कॉम्प्युटरवर काढून रुंद कागदावर छापून घेतात. आणि हा रुंद छापणारा प्रिंटर इतका जुना, की त्याची जाड वायर लागायला जागा फक्त ह्या वर्कस्टेशनच्या पाठीवर आहे. नव्या मशीनला ते छिद्रच नसतं. म्हणून पैलवानाला पेन्शन नाही.

त्या वर्षी आप्पांच्या नातीचं, रूपाचं, लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झाल्यावर पहिलाच मुहूर्त. रूपा बंगळूरला एका कंपनीत आहे, पण लग्नासाठी घरी येऊन वरच्या खोलीतनं ऑफिसचं काम करत होती. आप्पांची एकच हट्टाची गोष्ट: आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्या नटवल्या, आता आमच्या घरची नवरी दुकानातली साडी नेसून बोहल्यावर चढायची न्हाय. साडीचं अंग विणून झालं होतं. पदर तेवढा राहिला होता, त्याची नक्षी आप्पांनी सांगायची आणि रूपानं मशीनवर ठिपके भरायचे असं कित्येक दिवस चाललं होतं. नक्षी भाताच्या लोंब्यांची. कारण रूपाची आज्जी, गंगव्वाकाकू, भातासाठी नावाजलेल्या येळ्ळूरची. माझ्याच गावची, त्यामुळं मी तिथं मेकॅनिक कमी आणि माहेरचं माणूस जास्त. लोंबी पहिल्यांदा ताठ काढली होती. काकू म्हणाल्या, "पोकळ हाय व्हय ती? दाणा भरला की लोंबी वाकतीया." झालं, सगळी लोंबी मोडून परत वाकवली. नवमीच्या आदल्या दिवशी शेवटचा ठिपका पडला.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाचा फोन. "मावशी, लगेच या. मशीन गेलंय. आज्जी रडायला लागलीय, आप्पा बोलत नाहीत."

गेले. मागाच्या खोलीत आप्पा मागावर बसलेले, पण माग बंद. वडगावात दिवसा माग बंद दिसला की घरात कुणी आजारी आहे का असं आधी विचारतात. काकू स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाला लावून. आणि मधोमध वर्कस्टेशन, अंगावर हळदकुंकू, गळ्यात हार.

"काय झालं?" म्हणून मी विचारलं. काकूच बोलल्या. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी गेलो, मी आलो' म्हणतात, पुण्याकडची माणसं दचकतात, तुम्ही दचकू नका.

"मीच केलो गं शालन. पदर पुरा झाला म्हणून लई आनंद झालता. कुंकू लावायला बोट टेकवलो, आणि त्या मशीननं आपसूक हात पुढं केला."

"हात?"

"हात म्हंजे, तबक! छोटं तबक आलं की भायेर. मला वाटलं, मागतंय. एवढं काम केलं त्यानं, त्याला नैवेद्य नको? मग ठेवलो मी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकूंचं बोट सीडीच्या बटणावर पडलं होतं, सीडी ठेवायचं तबक बाहेर आलं होतं आणि त्यात काकूंनी नैवेद्य ठेवला होता. हार बाजूला केला, मशीन उघडलं, सीडीचा ड्राइव्ह बाहेर काढून खोलला. आत अक्षता, कुंकू, खोबऱ्याचा तुकडा आणि गुळाचा खडा. गूळ वितळून सगळीकडं बसला होता. मी इतकी वर्षं कॉम्प्युटर उघडतेय, मुंग्या बघितल्या, पाली बघितल्या, उंदराचं बाळंतपणसुद्धा बघितलं. पण इतका साग्रसंगीत नैवेद्य नव्हता बघितला.

मला हसू फुटलं, आणि मी हसले की थांबत नाही. रूपाही हसायला लागली. पण काकूंच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि दोघी गप्प झालो.

"हसू नको गं," काकू म्हणाल्या. "पोरीच्या लग्नाच्या साडीला माझा हात लागला आणि अपशकुन झाला. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी शब्द काढला न्हाय. काढू नका म्हणावं. माझंच चुकलं."

आप्पा मागाकडं बघत राहिले. मला त्यांचा असा राग आला म्हणता! पण माणूस रागावला नव्हता, घाबरला होता. पदर त्या मशीनमध्ये अडकला होता आणि आप्पांना दुसरा काढायला ना डोळे राहिले होते ना दिवस.

"तिनं नैवेद्य ठेवून तबक आत ढकललं आणि करकर आवाज आला," रूपानं सांगितलं. "मी नीट बंद केलं. दसऱ्याला हात लावला नाही. आज चालू केलं तर काळी स्क्रीन."

मग मी तो प्रश्न विचारला, जो मी आयुष्यात प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारलाय आणि ज्याचं सरळ उत्तर मला कधी मिळालेलं नाही. "दुसरीकडं ठेवलंस का कुठं?"

"पेनड्राइव्हवर आहे ना मावशी... पण ताठ लोंबीचं."

घ्या! कॉम्प्युटर शिकलेली मुलगी. पण सुताराच्या घरचा पाट मोडकाच असतो, तिला तरी काय बोलणार?

मी सीडीच्या ड्राइव्हची वायर काढून टाकली आणि मशीन चालू केलं. काळी स्क्रीन. पंखे फिरले आणि त्यांच्या आवाजाखाली मला दुसरा आवाज ऐकू आला. टक. टक. टक. मी पंख्यावर हात ठेवून थांबवला, परत ऐकलं, आणि झटकन मशीन बंद केलं. हा आवाज सीडीचा नव्हता. हार्ड डिस्कचा होता. डिस्क म्हणजे मशीनचं कोठार, सगळं तिथंच साठवलेलं असतं. ती असं ठोकायला लागली म्हणजे तिच्या आतली वाचणारी सुई जागा चुकतेय, आणि फार दिवस तिचे उरलेले नाहीत. असं ठोकणं एका खोबऱ्याच्या तुकड्यानं येत नाही. तो आजार महिनोन् महिने मुरलेला असतो.

ही गोष्ट मी लगेच कुणाला सांगितली नाही. आधी पदर बाहेर काढायचा होता.

साधी डिस्क असती तर काढून माझ्या लॅपटॉपला लावली असती. पण ह्या पैलवानाची डिस्क जुन्या घराण्यातली, रुंद पट्टीच्या वायरीची. तिला लावायची जोडणी माझ्याकडं काय, अख्ख्या बेळगावात आता कुणाकडं असेल असं वाटत नाही. म्हणजे तिला वाचायचं तर तिच्याच मशीनमध्ये. पण मशीन उठायला तयार नाही, कारण उठण्याचं ज्ञानही त्याच डिस्कवर. सीडीवरून उठवावं, तर तिथं गूळ. पेनड्राइव्हवरून उठायचं ह्या पिढीच्या मशीनला माहीतच नाही.

उरली एकच वाट, वायरीची. नेटवर्कवरून उठवायचं.

"म्हंजे काय करणार?" आप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

मी सांगितलं, तुम्हालाही सांगते. मशीनला जागं झाल्यावर आपण कोण आणि काय करायचं हे कळायला एक मूळ सिस्टीम लागते. घरात ती मिळाली नाही, तर हे जुनं मशीन वायरीवर हाक मारू शकतं: कुणी आहे का? मला एक पत्ता द्या, आणि उठण्यापुरतं काही असलं तर द्या. दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप बसलेला असतो. तो म्हणतो, हा घे पत्ता, आणि हे घे लिनक्स. मग लिनक्स थोडं थोडं वायरीतून येतं आणि मशीन त्याच्यावर उठून बसतं. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून केलेली सिस्टीम, कुणीही न्यावी, कुणीही वापरावी, आणि म्हाताऱ्या मशीनांना ती मोडीत काढत नाही.

काकू दारातनं ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे घरातलं विरजण संपलं की शेजारनं आणतो तसं की!"

मी इतकी वर्षं हे लोकांना समजावून देतेय, कॉलेजात जाऊन दोनदा भाषणंसुद्धा दिलीत, पण विरजण मला सुचलं नाही. तेव्हापासून मी तेच सांगते.

वर्कस्टेशनची वायर आणि लॅपटॉपची वायर, दोन्ही त्यांच्या इंटरनेटच्या डब्यात लावल्या. मशीन चालू केलं. स्क्रीनवर ते हाक मारताना दिसलं, पत्ता मिळाला, आणि तिथंच बसलं. परत केलं. परत तेच. मग लक्षात आलं. हाक ऐकून माझ्या लॅपटॉपच्या आधी तो इंटरनेटचा डबाच उत्तर देत होता. त्याचं कामच ते, जो विचारेल त्याला पत्ता द्यायचा. पण पुढचं सामान त्याच्याकडं नाही. आणि मशीनची रीत अशी की जो आधी बोलला तोच खरा.

"तोंडाळ शेजारीण," काकू म्हणाल्या. "बोलायला पुढं, विरजण द्यायला मागं. गप करा की तिला."

गप केली. डबा बंद करून बाजूला ठेवला आणि दोन मशीनच्या मध्ये सरळ एकच वायर लावली, माझी पिवळी, बरीच वर्षं जपलेली. तशी मीटिंगसाठी वर गेलेल्या रूपाची आरोळी आली. "मावशी! माझी मीटिंग गेली! साहेब बोलत होते!"

"तुझ्या पदराची मीटिंग हाय हितं," काकूंनी खालनं उत्तर दिलं. "साहेबाला म्हणावं थांब जरा."

रूपा धडाधड जिना उतरून आली, आणि तेवढ्यात स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावायला लागली. पाण्यासारखी. ह्या क्षणाचं मला आजही वेड आहे. मेलेलं म्हणून ज्याच्याकडं सगळे बघत होते ते मशीन एका वायरीच्या जोरावर बोलायला लागतं. मी टाळी वाजवली. आप्पा मागावरनं उठून जवळ आले.

हे अजून नुसतं उठणं होतं. माझ्या लॅपटॉपकडनं आलेलं हलकं लिनक्स मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत बसलं होतं. डिस्कला मी बाहेरनं हळूच हाक मारली. टक. टक. दिसली! मग रुसली. परत दिसली. हात लावून बघितला तर तव्यासारखी तापलेली.

"काकू, पंखा आहे का? हाताचा?"

काकूंनी ताडाचा पंखा आणला. "हिला वारा घाला," मी म्हटलं. "मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

"मी? मी हात लावू व्हय मशीनला?"

"हात नको. वारा घाला."

बाईंनी पदर खोचला, मांडी घातली आणि वारा घालायला लागल्या. तापलेल्या पोराच्या उशाशी बसतात तसं तोंडानं काहीबाही पुटपुटणं चाललं होतं. डिस्क थोडी निवली, ठोकणं कमी झालं आणि मला आत जाता आलं. फुकटचं कौतुक नको, पण त्या दिवशी मी काम चांगलं केलं. इतर कशाला हात न लावता सरळ पदराच्या फाईलवर गेले आणि ती पिवळ्या वायरीतून माझ्याकडं ओढायला लागले. थोडी आली, अडकली. काकूंचा पंखा जोरात. परत सुरू. परत अडकली.

"शालनआक्का," आप्पा म्हणाले, "अर्धा आला तरी चालंल. अर्धा मी अंदाजानं..."

"गप बसा हो आप्पा," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही. अर्धा पदर घेऊन त्या घरातनं बाहेर पडायची माझी तयारी नव्हती.

आला. सगळा आला. लॅपटॉपवर उघडला, आणि वाकलेल्या, भरलेल्या लोंब्या एका ओळीत उभ्या. रूपानं मला मिठी मारली. काकूंना कुणी थांबा म्हणालं नव्हतं, त्या वारा घालतच होत्या. मी बाकीच्या फायली ओढायला गेले तर डिस्कनं एकदा मोठ्यानं टक केलं आणि गप्प झाली ती कायमची. तिच्या पोटात आणखी काय काय गेलं देव जाणे, पण पदर माझ्याकडं होता.

आता मशीन बंद करून मी त्यात माझ्या पिशवीतली, तशाच एका जुन्या मशीनची चांगली डिस्क बसवली आणि त्याच पिवळ्या वायरीवरून कायमचं लिनक्स चढवायला घेतलं. त्यानं उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न विचारला आणि पुढं यादी दाखवली.

"काय म्हणतंय ते?" आप्पांनी विचारलं.

"विचारतंय, कुठल्या भाषेत बोलू?"

आप्पा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. "बेळगावात पाऊल टाकलं न्हाय तोवर ह्यालाबी तोच प्रश्न पडला व्हय!"

आमच्या भागात ह्या प्रश्नावर किती पिढ्या गेल्या ते मी सांगायला नको. पण आप्पांच्या घरात तो भांडणाचा नव्हता. आप्पा मागावर धागे कानडीत मोजतात, काकूंशी मराठीत भांडतात, रूपा साहेबाशी इंग्रजीत बोलते. रूपा म्हणाली, इंग्लिश ठेवा, सोपं पडेल. आप्पा म्हणाले, कन्नड पण हाय की यादीत, ठेवा, भोकं पाडणाऱ्या पुठ्ठेवाल्याला वाचता येईल. मी कुणाचं ऐकलं नाही. "वारा कुणी घातला? काकू, तुम्ही सांगा."

काकू पंखा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मला काय कुठलंच वाचता येत न्हाय. पण ते बोलणार असंल तर येळ्ळूरच्या भाषेत बोलू दे."

मराठी ठेवलं. लिनक्सचं मराठी थोडं सरकारी आहे, येळ्ळूरचं नाही, पण काकूंना ते सांगण्यात अर्थ नव्हता.

ते चढत होतं तेवढ्यात मी आप्पांना मागाजवळ नेलं आणि डिस्कचं खरं सांगितलं. म्हटलं, "नैवेद्यानं फक्त सीडीचा ड्राइव्ह गेला, तो तुम्ही वापरत पण नव्हता. मशीन डिस्कमुळं बंद पडलं, ती आतून केव्हाचीच मरत होती. आणि ऐका. नवमीला करकर झाली नसती, तर तुम्ही दसऱ्याच्या मुहूर्तावर छापायला बसला असता. तुमचा तो प्रिंटर एक पदर छापायला दिवस खातो. दिवसभर डिस्क तापली असती, आणि मध्येच मेली असती. मग मला बोलावूनसुद्धा काही मिळालं नसतं. काकूंच्या नैवेद्यानं मशीन बंद झालं, म्हणून पदर वाचला."

हे शंभर टक्के खरं आहे का? कोर्टात शपथेवर नाही सांगणार. कदाचित छापूनही झालं असतं. पण इतकी वर्षं डिस्का बघितलेल्या माणसाला जेवढं सांगता येतं तेवढं ते खरं होतं, आणि वरचं थोडं मी गावच्या लेकीसाठी घातलं.

आप्पा परत येऊन मशीनसमोर बसले, घसा साफ केला आणि दाराकडं न बघता म्हणाले, "चहा टाक की गं."

काकूंचा हात तोंडाकडं गेला. दोन दिवसांनी शब्द, आणि तोही चहाचा! पण चहा टाकायला उठतील त्या काकू कसल्या. त्यांनी मागाजवळचं सगळं ऐकलं होतं.

"आधी म्हणा, नैवेद्य पावला."

"चहा टाक म्हटलं न्हवं."

"आधी म्हणा."

"पावला बाई, पावला!" आप्पा ओरडले, आणि घर हसायला लागलं. मी तर खुर्चीतनं पडायची राहिले.

दुपारी प्रिंटर चालू झाला. लिनक्सनं त्या म्हाताऱ्याला चटकन ओळखलं, नवी मशीनं ओळख दाखवत नाहीत तसं नाही केलं. करकरत, थांबत, कागद बाहेर यायला लागला आणि त्याच्यावर ठिपके. आप्पांनी कागद उचलून डोळ्यांपाशी धरला, मग बोटानं ओळी मोजायला लागले, कानडीत. मी वायर गुंडाळायला घेतली. एवढ्यात त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला, आणि मी घाम पुसतायत असं समजून दुसरीकडं बघितलं.

लग्नात मी पहिल्या रांगेत होते, माहेरची म्हणून काकूंनीच बसवलं. रूपा बोहल्याकडं आली तेव्हा तिचा पदर माझ्याजवळनं गेला. मी ती नक्षी नुसती ठिपक्यांत बघितली होती, काळ्या-पांढऱ्या. इथं ती पिकलेल्या भाताच्या रंगात होती, दाण्यांनी भरून खाली वाकलेली, येळ्ळूरच्या वावरात असते तशी. मला रडू फुटलं. माझ्या कामात असं बघायला मिळत नाही हो. आमचं काम झालं की मशीन चालतं आणि गिऱ्हाईक आम्हाला विसरतं, आणि तेच बरोबर असतं. त्या दिवशी मात्र मला वाटलं की ह्या एका पदरासाठी मी एवढी वर्षं नारळाचं पाणी पुसत आले असले तरी चालेल. शेजारी काकू प्रत्येक पाहुणीला सांगत होत्या, "मशीनला मी नैवेद्य ठेवलो म्हणून हा पदर दिसतोय. ह्या शालनला विचारा." आणि मला प्रत्येक वेळी मान हलवावी लागत होती.

त्यानंतर मी आप्पांच्या मशीनवर एक कागद चिकटवून आले. 'ह्याला पाणी, कुंकू, फुलं, नैवेद्य काहीही चालत नाही.' मोठ्या अक्षरांत. सीडीचा मेलेला ड्राइव्ह, साफ करून, वायर न लावता तसाच परत बसवला, नाहीतर मशीनला भगदाड दिसलं असतं.

पुढच्या खंडेनवमीला काकूंनी मला पूजेला बोलावलं. मागाला हार होता, विणायच्या धोट्याला कुंकू होतं, मशीन कोरडं ठणठणीत. फक्त माझ्या कागदाला, 'चालत नाही'च्या शेजारी, कुंकवाचं एक बोट लावलं होतं. आणि काकू हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. वाटीत अक्षता, येळ्ळूरच्या तांदळाच्या. काही मागितलं नाही त्यांनी. नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. आप्पा खिडकीतनं बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते.

मी वरवर रागानं एक सुस्कारा सोडला. कागदाला लावायची एक क्लिप घेऊन सरळ केली. सीडीच्या ड्राइव्हला समोर एक बारीक भोक असतं, वीज नसतानाही त्यात तार घातली की तबक बाहेर येतं. तार घातली, दाबली, आणि तबक हळूच बाहेर आलं.

काकूंनी वाटी माझ्यापुढं धरली.

"थोड्याच घाला हं," मी म्हणाले, आणि पहिली चिमूट मीच ठेवली.